आई म्हणते कॅमेरा रात्री मान वळवतो

रावपुऱ्याची_मुलगी

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणारे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

आई ७६ वर्षांची, बडोद्यात रावपुऱ्यात आमच्या जुन्या घरी एकटीच असते. मी कारेलीबागेत, भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला. दोन वर्षांपूर्वी ती मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि दूधवाला येईपर्यंत पाऊण तास तशीच पडून राहिली, तेव्हापासून भावाने तिकडून धोशा लावला की कॅमेरे बसवा म्हणजे बसवा. बसवले. दारावर एक, स्वयंपाकघरात एक आणि आईच्या खोलीत तो गोल डोक्याचा फिरणारा वायफायवाला, ज्यातून बोलता पण येतं. खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या सोसायटीतून बाहेर पडताच येत नव्हतं, ग्रुपवर लोक मगरींचे व्हिडिओ टाकत होते आणि मी, लाईट होती तोवर, आईला कुकर लावताना मोबाइलवर बघून स्वतःला धीर देत होते.

आता मुद्दा. गेला महिनाभर आई म्हणतेय की तो कॅमेरा रात्री मान वळवतो. "माझ्याकडे बघतो, मग कपाटाकडे बघतो, मग परत माझ्याकडे." आणि त्याचे डोळे लाल होतात म्हणे. मी हसण्यावारी नेलं. भाऊ म्हणाला डॉक्टरला दाखवून घे, वय झालंय. मग परवा अचानक सकाळी लवकर गेले तर कॅमेऱ्यावर बाळाचं टोपडं घातलेलं, माझ्या मुलाचं, तिने इतकी वर्षं जपून ठेवलेलं. म्हणाली, रात्री घालते आणि सकाळी काढते, नाहीतर तुम्ही लोक फोन करकरून जीव खाता.

मला कसंतरीच झालं ते टोपडं बघून. त्यात ते राजकोटच्या दवाखान्यातले कॅमेरे फोडल्याचं प्रकरण डोक्यातून जात नाही. खरंच कोणी बाहेरचं बघत असेल का? मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, साध्या भाषेत सांगा.

शेवउसळ_जादा_तर्री

ताई, आई बरोबर आहे असं धरूनच चाला. म्हाताऱ्या माणसांना भुतांचे भास होतात, कॅमेऱ्यांचे होत नाहीत.

अकोट्याचा_पिंट्या

घाबरू नका ताई, एकेक सुटं करून बघू. लाल डोळ्यांचं सोपं आहे. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेडचे छोटे दिवे असतात, रात्री ते लागतात. त्यातले काही ८५० नॅनोमीटरचे असतात, त्यांची मंद लाली डोळ्याला दिसते, ९४० वाले असतील तर दिसत नाही. म्हणजे आईला दिसलं ते खरंच होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कोणी बघत असो नसो ते लागणारच.

मान वळवणं म्हणाल तर दोन साधी कारणं असू शकतात. एक म्हणजे लाईट जाऊन परत आली की हे फिरणारे कॅमेरे चालू होताना आधी सगळीकडे डोकं फिरवून बघतात, स्वतःची जागा तपासतात. दुसरं मोशन ट्रॅकिंग, ॲपमध्ये ते चालू असेल तर हललेल्या वस्तूच्या मागे कॅमेरा जातो. पंख्याने पडदा हलला तरी पुरे.

निजामपुरा_काकू

आमच्याकडे पालीच्या मागे फिरायचा. ह्यांनी रात्री दोन वाजता उठून पाल मारली आणि मुलाला पुण्यात अलर्ट गेला की घरात कोणीतरी काठी घेऊन फिरतंय 😄

रावपुऱ्याची_मुलगी

काकू 😄😄

पिंट्या, ट्रॅकिंग बघितलं, बंद आहे. लाईटचं आईला विचारलं, ती म्हणते पंखा चालू होता, मी काय वेडी आहे का, लाईट गेली तर मला कळत नाही का. वेळ मात्र तिने बरोबर सांगितली, दोन-अडीचच्या सुमाराला, रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा.

मकरपुरा_जीआयडीसी

उगाच एवढं टेन्शन घेऊ नका असं माझं मत. माझ्या कारखान्यात १६ कॅमेरे आहेत, घरी ४, दहा वर्षं झाली, काही झालं नाही. आणि समजा बघितलं कोणी, तर काय दिसणार, आई पोथी वाचतेय? हॅकरला दुसरी कामं नाहीत का. अमेरिकेतला माणूस रावपुऱ्यातल्या आजींना बघायला कशाला बसेल.

अकोट्याचा_पिंट्या

भाई, राजकोटच्या त्या प्रसूती दवाखान्यात पण सगळ्यांना असंच वाटत असेल ने. फेब्रुवारी २०२५ ला ते बाहेर आलं, बायकांना तपासतानाचे व्हिडिओ, आधी यूट्यूबवर नमुना दाखवायचे आणि मग टेलिग्रामवर पैसे घेऊन विकायचे. पकडलेल्यांत अमेरिकेतला कोणी नव्हता, महाराष्ट्रातले पण होते त्यात. आणि नंतर पेपरात काय आलं, पासवर्ड ॲडमिन १२३. म्हणजे कुलूप होतं पण चावी कुलुपालाच बांधलेली. त्या बायकांना कोणी विचारलं होतं का की बघण्यासारखं काय आहे?

मकरपुरा_जीआयडीसी

ते हॉस्पिटल होतं. घराचं वेगळं.

जुना_वायरमन

वेगळं नाही हो साहेब. ३१ वर्षं नेटवर्कचं काम करून रिटायर झालो, म्हणून दोन शब्द. हॅकर तुमच्या घराचा पत्ता शोधत बसतच नाही, त्याला तुम्ही कोण ते माहीतही नसतं. त्याचा प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटवरची दारं ठोठावत फिरतो, जे उघडलं ते आपलं. २०१६ मध्ये मिराई नावाचा असाच प्रोग्रॅम आला होता. त्याच्यात कारखान्यातून येणारी साठेक युजरनेम-पासवर्डची जोडी भरलेली, ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५ असली, बस्स. तेवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. हे चालवणाऱ्यांना कोणाच्या घरात बघायचंच नव्हतं. अशा यंत्रांकडून एकाच वेळी मारा करवून २१ ऑक्टोबर २०१६ ला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीचे सर्व्हर झोपवले, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास बंद. मिराई मूळ लिहिणारे पकडले तेव्हा कोण निघाले, तर विशीतली तीन पोरं (डिनवरचा मारा त्यांचा नव्हता, कोड बाहेर आल्यावर दुसऱ्यांनी केला), आणि सुरुवात कशावरून तर माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरच्या धंद्यातल्या मारामारीवरून. तेव्हा तुमच्या मकरपुऱ्याचा डीव्हीआर पण त्या फौजेत शिपाई नव्हता असं छातीठोक सांगता येईल का तुम्हाला? तुम्हाला कळलंच नसतं, चित्र तर नेहमीसारखंच दिसत राहतं.

तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड बदललाय का, हे इथे लिहू नका, मनात उत्तर द्या.

मकरपुरा_जीआयडीसी

...

शेवउसळ_जादा_तर्री

साहेब लॉगिन करायला पळाले 🏃

जुना_वायरमन

आता ताई तुमच्याकडे येतो. समजायला सोपं पडावं म्हणून सांगतो, कॅमेरा बाहेरून दिसण्याच्या दोन वाटा असतात.

जुनी वाट डीव्हीआरची. बाहेरगावाहून बघता यावं म्हणून बसवणारा राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवायचा, किंवा राउटरमधली यूपीएनपी नावाची आपोआप पोर्ट उघडायची सोय चालू असेल तर यंत्र स्वतःच उघडून घ्यायचं. म्हणजे वाड्याच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडल्यासारखं, तुम्हाला आत डोकावता यावं म्हणून पाडली पण ती गल्लीतल्या सगळ्यांनाच दिसते. शोडान नावाचं एक सर्च इंजिनच आहे, २००९ पासूनचं, ते बातम्या-फोटो शोधत नाही, इंटरनेटला अशी उघडी टांगलेली यंत्रं शोधतं, त्यात कॅमेरे ढिगाने सापडतात.

नवीन वाट तुमच्या गोल डोक्यावाल्याची. ह्यात खिडकी पाडावी लागत नाही. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसतो, तुमचा मोबाइलही त्याच सर्व्हरला लावतो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. बाहेरच्याला शोधायला हे अवघड. पण मग सगळा खेळ अकाउंटवर येतो. ज्याच्या अकाउंटवर कॅमेरा बांधलेला तो मालक, तो देईल त्याला बघता येणार. म्हणून मला फक्त एक सांगा, तुमच्या ॲपमध्ये त्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेल्यावर "शेअर डिव्हाइस" किंवा तसला काही पर्याय दिसतो का?

रावपुऱ्याची_मुलगी

काका, अर्धा तास शोधलं, नाही दिसत. नाव बदलायचं पण दिसत नाही. नुसतं बघता येतं, फिरवता येतं, बोलता येतं.

जुना_वायरमन

मग कॅमेरा तुमचा नाही.

शेवउसळ_जादा_तर्री

अंगावर काटा आला ना काका, असं एका ओळीत काय लिहिता

जुना_वायरमन

जे आहे ते आहे. तुम्हाला कोणीतरी पाहुणा म्हणून आत घेतलंय. मालक दुसराच आहे. भाऊ असेल तर प्रश्न नाही, त्यांना विचारा. नसेल तर ज्याने बसवला त्याला गाठा, आणि फोनवर नको, समोर जाऊन, त्याचा फोन बघायला मागा.

परदेशी_लेक

मी मेलबर्नला असते, आईबाबा सुभानपुऱ्यात. हे वाचून लगेच ॲप उघडलं, माझ्याकडे शेअरचा पर्याय आहे, हुश्श. पण आत गेले तर पाहुण्यांच्या यादीत माझ्या एक्स-नवऱ्याचा नंबर अजून तसाच. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. काढला. हात थरथरत होते काढताना.

निजामपुरा_काकू

बाळा, चांगलं झालं वेळेवर बघितलंस.

मी जरा दुसऱ्या बाजूने लिहू का, सगळे चोराचं बोलतायत म्हणून. माझा मुलगा पुण्याहून बघतो. चोर नाही, हॅकर नाही, पोटचा मुलगा, मायेने बघतो. पण दुपारी मी जरा आडवी झाले की फोन, आई बरं वाटत नाही का. शेजारीण येऊन बसली की रात्री विचारणार, एवढा वेळ काय बोलत होता. ह्यांच्याशी भांडायचं तर आम्ही दोघं गच्चीवर जातो आणि भांडण होईपर्यंत गुडघे दुखायला लागतात म्हणून भांडणच राहतं 😄 आता तर मी बरं नसलं तरी उभी राहते, नुसती ओट्याशी उभी राहते, म्हणजे फोन येत नाही. हसू नका. तुमच्या आईने टोपडं घातलं ते मला बरोबर समजलं.

परदेशी_लेक

काकू 😔 मी रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच बघते. बाबा पेपर वाचताना दिसले की मग कॉफी. त्यांना कधी विचारलंच नाही.

कोर्टाची_पायरी

कायद्याचं थोडं. माझा धंदा वकिलीचा आहे पण इथे लिहिलेलं सल्ला म्हणून धरू नका, गप्पा म्हणून धरा. कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढलं किंवा पाठवलं तर आयटी ॲक्टचं कलम ६६ ई लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून बघणं, चित्रित करणं हे आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ मध्ये आहे, आधी आयपीसीचं ३५४ सी होतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झालाय, लोक त्याचं नाव घेतात, पण घरगुती खाजगी कामासाठी एखाद्याने स्वतः वापरलेला डेटा त्यातून वगळलाय. तेव्हा मुलगा आईला बघतो ह्यात तो कायदा यायचा नाही.

बाकी एक खटला सांगण्यासारखा आहे, कलकत्त्याचा. एकाच घरात राहणारे दोन भाऊ, एकाने घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसरा म्हणाला माझी संमती नाही. २०२५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने दुसऱ्याच्या बाजूने निकाल दिला आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे घर स्वतःचं असलं तरी सोबत राहणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या वावरण्याच्या जागी कॅमेरा चालणार नाही. आपल्याकडे वाड्यांच्या वाटण्या झालेल्यांनी जरूर लक्षात ठेवावं. माझ्याकडे सध्या अशी दोन चुलत भावांची केस आहे, एकाचा कॅमेरा बरोबर दुसऱ्याच्या तुळशीवर.

मकरपुरा_जीआयडीसी

परत आलो. बोलायला लाज वाटते पण पासवर्ड खरंच कारखान्यातला होता. बदलला. राउटरमध्ये दोन पोर्ट उघडे होते, ते पण बंद करून घेतले आयटीवाल्याकडून. वायरमन काका, एक विचारतो, आता नवीन घ्यायचा तर कुठला घ्यायचा? कोणी म्हणतं चिनी नको, कोणी म्हणतं सगळेच चिनी.

जुना_वायरमन

लाज कसली, दहातले आठ जण असेच असतात, फरक एवढाच की तुम्ही कबूल केलंत.

ब्रँड सांगणार नाही, उद्या त्यातच काही निघालं तर मला शिव्या. आपल्या सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षेची तपासणी सक्तीची केलीय, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची. तेव्हा दुकानदाराला मॉडेल नंबर सांगून ते प्रमाणपत्र आहे का विचारा. स्वस्तात जुना माल खपवणारे असतात, घाई करू नका. पण प्रमाणपत्र म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. मोठ्या नावांची पण फजिती झालेली आहे. ॲमेझॉनच्या रिंग या कॅमेरा कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ५८ लाख डॉलर भरायला लावले, त्यातलं एक कारण असं की कंपनीचीच माणसं लोकांचे व्हिडिओ बघू शकत होती आणि एकाने तर बायकांच्या बेडरूममधले हजारो व्हिडिओ बघितलेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ नावाच्या कंपनीचे कॅमेरे बंद पडून परत चालू झाले तेव्हा सुमारे १३ हजार लोकांना आपल्या ॲपमध्ये दुसऱ्यांच्या घराची चित्रं दिसली. ह्यात ना कोणी पासवर्ड फोडला ना कोणी हॅकर होता.

अकोट्याचा_पिंट्या

आणि पासवर्ड एकच सगळीकडे वापरू नका प्लीज. २०१९ मध्ये मिसिसिपीत एका ८ वर्षांच्या मुलीच्या खोलीत कॅमेऱ्यातून परका माणूस बोलायला लागला होता, मुलगी घाबरून आईला हाका मारतेय असा व्हिडिओ जगभर फिरला. कुठल्यातरी भलत्या साइटवरून फुटलेले ईमेल-पासवर्ड घेऊन लोक कॅमेऱ्याच्या ॲपवर लावून बघतात, लागला की आत. टू-स्टेप लावलं की पासवर्ड कळून पण उपयोग नाही, ओटीपी आपल्याकडे येतो. आणि राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर कॅमेरे त्याच्यावर टाका, म्हणजे कॅमेरा फुटला तरी बँकेचं काम करतो तो लॅपटॉप वेगळा राहील.

रावपुऱ्याची_मुलगी

आले एकदाची. काय झालं ते क्रमाने लिहिते नाहीतर माझाच गोंधळ होईल.

भावाला विचारलं, त्याच्याकडे पण शेअरचा पर्याय नाही. तो पण पाहुणाच! आता बसवणारा मुलगा. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण मुलगा वाईट नाही, आमच्याकडे गणपतीला आरतीला येतो. त्याच्या दुकानात गेले, म्हटलं रे बाळा तुझा फोन दाखव. त्याने काही आढेवेढे न घेता दाखवला, म्हणजे त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ॲप उघडलं तर खाली खाली खाली यादी. चाळीस-पन्नास घरं असतील. प्रत्येकाला नाव दिलेलं, "अल्कापुरी डॉक्टर बेडरूम", "वाडी ज्वेलर आतलं", आणि आमचं, "रावपुरा बा". त्यावर बोट टेकवलं तर माझी आई दिसली, खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावत होती. अनोळखी दुकानाच्या काउंटरवर, मागे गिऱ्हाईक उभं, बाजूला चहावाला पोरगा, आणि माझी आई साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन तेल लावतेय. मी त्याच्या हातातून फोन अक्षरशः हिसकावून घेतला.

तो म्हणाला, बेन, क्यूआर कोड माझ्याच फोनने स्कॅन केला कारण बांना जमत नव्हतं आणि तुम्ही घाईत होता. मग तुम्हाला शेअर केलं. तुमचंच काम सोपं, काही बिघडलं की इथून बघतो. खरं आहे, मी त्या दिवशी घाईतच होते, मुलाची परीक्षा होती. पण पुढचं ऐका, मी विचारलं हाच फोन का तेव्हापासून, तर म्हणाला नाही, दिवाळीत नवीन घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला. त्यातून लॉग आऊट केलं होतंस का? आठवत नाही म्हणाला.

जुना_वायरमन

हेच. हे मी शंभर ठिकाणी बघितलंय. हॅकरला सगळे घाबरतात आणि चावी बसवणाऱ्याच्या खिशात. त्याच्याकडून आधी सगळ्या उपकरणांमधून लॉग आऊट करवून घ्या, पासवर्ड बदलवून घ्या, मग त्याच्या अकाउंटमधून तुमचा कॅमेरा डिलीट. नुसतं पिन टोचून रिसेट करून भागत नाही, बऱ्याच कंपन्यांत पहिल्या मालकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याला बांधता येत नाही. मग तुमच्या फोनने नव्याने स्कॅन करा. आणि त्याला सांगा बाकीच्या चाळीस घरांना पण फोन कर.

रावपुऱ्याची_मुलगी

केलं काका, त्याच्यासमोरच बसून केलं. बाकीच्यांना करतो म्हणाला. मी परवा परत जाऊन यादी बघणार आहे, त्याला तसं सांगून आलेय.

पण थांबा, अजून संपलं नाही. दोन-अडीचला मान कोण वळवायचं? तो मुलगा तर शपथेवर सांगत होता की मी रात्री झोपतो. मग डोक्यात आलं की आपल्याकडे रात्रीचे अडीच म्हणजे ब्रॅम्प्टनला संध्याकाळचे चार-पाच, शाळा सुटून घरी यायची वेळ. भावाला परत फोन. त्याने घरातला जुना टॅबलेट शोधला तर त्याच्यावर त्याचं लॉगिन, आणि तो टॅबलेट असतो भाच्याकडे. नऊ वर्षांचा आहे. तो रडायलाच लागला की मी काही तोडलं का. त्याला वाटायचं तो आजीचा गेम आहे. बाण दाबले की आजीची खोली फिरते.

शेवउसळ_जादा_तर्री

अरे देवा. हॅकर सापडला आणि तो चौथीत आहे.

परदेशी_लेक

🥺🥺

निजामपुरा_काकू

आईंना सांगितलंत का? काय म्हणाल्या?

रावपुऱ्याची_मुलगी

सांगितलं काकू. मला वाटलं हसेल. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढ्या रात्री बघत होता तर हाक का नाही मारली मला? मी जागीच असते." ह्याच्यावर मी काय बोलणार.

भाऊ पण गप्प झाला फोनवर. डॉक्टरला दाखव म्हणाला होता ना.

जुना_वायरमन

ताई, आता कॅमेऱ्याचं काय ठरवलंत? एक सुचवू का, राग मानू नका. आई पडल्या मोरीच्या उंबऱ्यात. तिथे कॅमेरा लावलेला नाही आणि लावणारही नाही, बरोबरच आहे. म्हणजे जिथे पडतात तिथलं दिसत नाही आणि जिथे झोपतात तिथलं सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा उंबरा फोडा, मोरीत भिंतीला धरायला दांडा बसवा, खाली न घसरणारी चटई, वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. गळ्यात घालायचं आणीबाणीचं बटण मिळतं, दाबलं की दोनतीन नंबरांना फोन जातो. सगळं मिळून त्या कॅमेऱ्यापेक्षा थोडंच जास्त लागेल.

कोर्टाची_पायरी

आणि स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या बेनला कॅमेऱ्याचं माहीत आहे का? विचारतेय फक्त.

रावपुऱ्याची_मुलगी

माहीत आहे, ती फोनवर बोलायचं असलं की गॅलरीत जाते, आता कळलं का जाते ते. स्वयंपाकघरातला पण काढतोय.

काल गवंडी येऊन उंबरा फोडून गेला. आईला विचारलं कुठला ठेवू, ती म्हणाली दारावरचा ठेव, कोण आलं ते मला पण बघायचं असतं, आणि माझ्या फोनवर पण दे. दिलाय. तीच मालक आहे आता त्याची, तिच्याच नंबरवर बांधलाय, मी आणि भाऊ पाहुणे. काल तिने मला फोन करून सांगितलं की कारेलीबागेची रिक्षा दारात थांबलीय, तू येतेस का. मी खरंच येत होते 😄 भाच्याचं रविवारी सकाळी ठरलंय, तो व्हिडिओ कॉल करतो आणि आई त्याला स्वतः खोली फिरवून दाखवते, कपाट पण.

निजामपुरा_काकू

छान केलंत. मी पण मुलाला हा धागा पाठवला. अजून निळी टिक आली नाही. तो मला दिवसभर बघतो पण माझे मेसेज बघत नाही 😄

मकरपुरा_जीआयडीसी

ताई, काढलेल्या दोन कॅमेऱ्यांचं काय करणार? विकायचे असतील तर माझ्या गोडाऊनला एक लागतोच आहे.

रावपुऱ्याची_मुलगी

उशीर झाला भाई, आज सकाळीच बेनच्या मुलाला देऊन टाकले, त्याला दुकानात लावायचे होते. अकाउंटमधून काढून, रिसेट करून दिलेत बरं का, शिकले मी आता.

अकोट्याचा_पिंट्या

मस्त. आतलं एसडी कार्ड काढलंत ना?

रावपुऱ्याची_मुलगी

कसलं कार्ड?

अकोट्याचा_पिंट्या

डोकं वर फिरवलं की खाली एक छोटी फट असते, त्यात. रेकॉर्डिंग त्याच्यावर होतं. रिसेटने ते पुसलं जाईलच असं नाही.

रावपुऱ्याची_मुलगी

निघाले. तरसाली आहे त्यांचं घर. रिक्षात बसून लिहितेय.